आजीच्या हाताखाली

घरात आजी असली की तिच्या वाट्याला साधारण दोनच गोष्टी येतात : नातवंडं सांभाळणं आणि आराम करणं. तिला स्वतःला काही घडवायचं असेल, हे फारच थोड्यांच्या मनात येतं. दिवाळीत तिच्या चकलीचं कौतुक होतं, पण चार घरांचे डबे भरायचे म्हणून पहाटेपासून ओट्याशी उभं राहणं वेगळं आणि मनातलं काही हातानं उतरवणं वेगळं. आपण मात्र तिच्या कष्टालाच हौस म्हणतो आणि मोकळे होतो.

माझं म्हणणं असं की, अख्खं घर आजीच्या हाताखाली राबेल असं एखादं काम प्रत्येक घरात असावं. ठरवणार ती, बाकीचे मदतनीस. सून असो, जावई असो, कॉलेजात जाणारा नातू असो.

वाकळीचंच घ्या. गोधडीला आमच्या भागात वाकळ म्हणतात. जुनं नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ आठ मीटर कापड. ते दुमडून जमिनीवर अंथरायचं, आत धोतरं, परकर, फाटक्या चादरी पसरायच्या, वरून पुन्हा लुगडं घालायचं. कडा दुमडून टाचल्या की काठाकडून आत धावदोऱ्याच्या ओळी सुरू होतात, बोटभर अंतर सोडून. हे एकटीचं काम नव्हेच. चार कोपरे ताणून धरायला चार माणसं लागतात, आणि नजर अधू झालेल्या आजीला दोरा ओवून द्यायला पोरं लागतात. धाकट्या नातवंडानं पाच-सहा सुया ओवून उशीत टोचून ठेवल्या की तिचा हात थांबत नाही. दोन बायका दोन बाजूंनी शिवत आल्या तर कुठली ओळ कुणाची, हे नंतरही ओळखू येतं. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा.

मला यातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो तो कापड निवडण्याचा. हिरव्याशेजारी जांभळा नको, मधे पांढरं टाक, हे शाळेच्या वेळेचं कापड आहे ना, त्याचा चौकोन मधोमध लाव, असं ती सांगत असते तेव्हा ती रचना करत असते. चित्रकार करतो तेच. आता घरात जीन्स आणि टी-शर्टच जास्त निघतात. जीन्सच्या शिवणीतून सुई जात नाही, टी-शर्टचं कापड ताणलं जाऊन टाक्याखाली गोळा होतं. यावर उपाय तिलाच शोधावा लागतो आणि ती शोधतेही. म्हणून अशा कामाला नुसतं परंपरा जपणं म्हणणं मला अपुरं वाटतं. परंपरा तिला पाठच आहे. तिला हवी आहेत समोर बसून पुढचं विचारणारी माणसं.

अशी माणसं असली तर काय होतं, हे मराठीला चांगलं ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवून घेतलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. घरातल्या कुणी कान दिला नसता तर ती कविता जात्याबरोबरच संपली असती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बाहेरून आलेल्या माणसांना गोळा कराव्या लागल्या याचं मला वाईट वाटतं. गिरणी आली, दळणाचा भार उतरला, हे चांगलंच झालं. पण बायकांना एकत्र बसण्याचं निमित्तही गेलं, आणि दुसरं निमित्त आपण उभं केलं नाही.

'आता या वयात तिला कशाला त्रास?' असं प्रेमानंच म्हटलं जातं. पण मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या चित्रकार जोधइया बाई बैगा सत्तरीच्या आसपास पहिल्यांदा रंगाला हात लावत होत्या. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक आजीला पुरस्कार मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पण वय झालं म्हणून हात बांधून बसवणं हा आराम नव्हे. गुडघे धरत असतील तर वाकळ पलंगावर पसरता येते, दिसत नसेल तर जाड सुई आणि गडद दोरा आणता येतो. एवढं घरानं करावं. रील काढायला फोन धरून उभ्या राहिलेल्या नातवानं फोन ठेवून एक कोपरा धरावा. तिचं चित्रण करण्यात आणि तिच्याबरोबर काम करण्यात मला फार मोठं अंतर दिसतं. पहिल्यात ती देखावा होते.

या मे महिन्यात सगळे एकत्र जमाल तेव्हा माळ्यावरचं जुन्या कपड्यांचं बोचकं खाली काढा. आजीला विचारा, तुला काय करायचंय? ती वाकळ म्हणेल, रांगोळी म्हणेल, कदाचित नुसती एक गोष्ट रचून सांगेन म्हणेल. जे म्हणेल ते करा, आणि तिच्या मनासारखं झालं नाही तर उसवून पुन्हा करा. पुरं झालं की कोपऱ्यात दोऱ्यानं तिचं नाव घाला. आजी असं नको, तिचं स्वतःचं नाव.