चातुर्मास कुठं करणार?

गणपती उठले की निघायचं आणि संक्रांतीच्या आत परतायचं, असं भाचीने ठरवलं होतं. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. पाठीवर एक सॅक. एक्सेलमध्ये प्रत्येक दिवसाला एक ओळ, ओळीत गाव, गाडी, हॉस्टेल, खर्च. तिकिटं सगळी आधीच काढलेली, स्वस्त पडतात म्हणून.

तयारीत खोट काढायला जागा नव्हती. परतीनंतरही पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरत होती. व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023च्या ऑगस्टपासून 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. तो तिने काढला आणि कुठल्या ठाण्यावरून आत शिरणार, तेही अर्जात नीट भरलं. असल्या गोष्टी देवावर सोडणारे विमानतळावरूनच घरी येतात, तेव्हा याद्या करणाऱ्यांना कुणी हसू नये.

आत्याही हसली नाही. तिने तरुणपणी नर्मदा परिक्रमा पायी केलेली. चष्मा लावून तिने लॅपटॉपवरची यादी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "चातुर्मास कुठं करणार?"

"आत्या, मी काय देवाला चाललेय?"

"देवाचं नाही गं. आषाढी ते कार्तिकी परिक्रमावासी एका जागी थांबतो. ओढे भरलेले, वाटा बुडालेल्या. मिळेल त्या आश्रमात पथारी टाकायची. तुझ्या यादीत थांबायला एक दिवस नाही."

"मी पाऊस संपल्यावरच जातेय."

"कुठला पाऊस?"

भाचीला प्रश्नच कळला नाही. आत्यानेही ताणून धरलं नाही. शूलपाणीच्या झाडीत आपलं घोंगडं, शिधा, पैसे सगळं लुटलं गेलं आणि त्यानंतर चालणं हलकं झालं, एवढं सांगून ती पोळ्या लाटायला उठली.

ऑक्टोबरच्या अखेरीला भाची मध्य व्हिएतनाममधल्या होई आनला पोचली, ती मुसळधार पावसातच. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. तो माघारी फिरला की ईशान्येचे वारे सुटतात, दक्षिण चीन समुद्रावरून बाष्प उचलतात आणि लाओसच्या सीमेवरच्या डोंगरांना धडकतात. चेन्नई आपल्यानंतर भिजते, तसाच हा किनारा. त्याचा खरा पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर. थू बोन नदी गल्लीत आली. दक्षिणेकडची रेल्वे रद्द झाली, तिच्यामागे सायगॉनचं हॉस्टेल बुडालं, मग कंबोडियाची बस, मग विमान. एक ओळ गेली की खालची जात होती, कारण दोन ओळींच्या मध्ये काहीच नव्हतं.

ती उतरली होती त्या घरच्या बाई मात्र निवांत होत्या. होई आनच्या जुन्या लाकडी घरांत तळमजल्याच्या छताला झडप ठेवलेली असते. पाणी चढू लागलं की सामान तिच्यातून माडीवर ओढून घ्यायचं. भिंतीवर मागच्या पुरांच्या खुणा होत्या, साल घालून. ज्याने घर बांधलं त्याने पूर येणारच असं धरूनच बांधलं होतं. बाईंनी दोराचं एक टोक भाचीच्या हातात दिलं. तांदळाची पोती, शिलाई मशीन, देव्हारा, सगळं वर गेलं. मग माडीवर चूल पेटली आणि कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

पाणी ओसरल्यावर तिने व्हिसाचे उरलेले दिवस मोजले. कंबोडिया यादीतून पुसून टाकला. व्हिसा संपायची तारीख तेवढी लाल केली आणि मधल्या ओळी कोऱ्या सोडल्या. मग आत्याला फोन लावला.

"किती गेले?" आत्याने आधी हेच विचारलं.

"तिकिटांचे बावीस हजार. परत मिळायचे नाहीत."

"आणि घोंगडं?"

"सॅक शाबूत आहे."

"मग शूलपाणीपेक्षा स्वस्तात सुटलीस. जेवलीस का?"