गिन्नीचे मोल

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या घरांत इंग्रजी अमदानीतली सोन्याची गिन्नी कधी देव्हाऱ्याच्या खणात सापडते, तर कधी कडी जोडून माळेत ओवलेली. हे नाणे म्हणजे १८१७ पासून पाडले गेलेले सॉव्हरिन. त्याचे वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरेट आणि त्यातले शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. एका बाजूला राजा किंवा राणी असते, दुसऱ्या बाजूला बहुधा राक्षसी सर्पाला मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज. वजन, व्यास आणि कस पाहिला की धातूची किंमत निघते. संग्राहकाचा हिशेब मात्र वेगळा असतो. तो साल पाहतो, टांकसाळीची खूण पाहतो, छापाची झीज पाहतो. मुंबईच्या टांकसाळीने सॉव्हरिन पाडले ते फक्त १९१८ साली. त्यावर सालाच्या वर बारीक ‘आय’ हे रोमन अक्षर असते. कडी डाखलेले नाणे संग्राहकाच्या लेखी उणावते, सराफाच्या तराजूत मात्र त्याने फारसे काही बिघडत नाही.

तिसरी किंमत सरकारने ठरवलेली. १८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन हिंदुस्थानात १५ रुपयांना चलन झाले. १९२० मध्ये तेच १० रुपयांचे ठरले. १९२७ मध्ये त्याचे चलनत्व गेले आणि सरकारी कचेरीतला हिशेब १३ रुपये ५ आणे ४ पै असा बसला. या सगळ्या काळात नाण्यातले सोने गुंजभरही कमीजास्त झाले नव्हते.

मग मोल नेमके कशात असते? हुकमातले मोल हुकमाबरोबर फिरते आणि दुर्मिळतेचे मोल हौशी माणसाच्या इच्छेवर उभे असते. सोन्याचेही मोल ते माणसांना हवे असते म्हणूनच. एवढ्यावरून मोल ही केवळ माया आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका येथे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांना खुली केली. त्या धान्याची रक्कम विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारी भरली आणि पावती घेतली. भुकेपुढे सोने थिटे हे कथा सांगतेच. पण ती देवालाही बाकी बुडवू देत नाही. सोन्याला मातीसमान मानणाऱ्या भक्तिपरंपरेत हिशेबाची चोखाई अशी टिकून आहे.

हाच प्रश्न जैन विचाराने अधिक काटेकोरपणे मांडला आहे, आणि सोलापूर हे त्या विचाराच्या अभ्यासाचे मोठे केंद्र आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा, म्हणजे ममत्व, हाच परिग्रह. या व्याख्येत एक पळवाट दिसते: तिजोरी भरलेली ठेवून ‘माझे मन त्यात नाही’ असे कोणीही म्हणू शकतो. ती वाट गृहस्थाचे परिग्रह-परिमाण व्रत बंद करते. जमीन, सोने, चांदी, धान्य यांची मर्यादा आधी ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. मर्यादा पाळायची तर जवळ काय आहे आणि ते किती मोलाचे आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. दुर्मिळ सालाची गिन्नी साध्या सोन्याच्या भावाने मांडून मर्यादेत बसवणे ही व्रताची फसवणूक होय. म्हणून मोल अचूक काढणे हा येथे लोभाचा भाग राहत नाही, संयमाचा होतो.

जैन गृहस्थाच्या अचौर्य व्रताच्या दोषांत कमीजास्त वजनमापे आणि बनावट मालाचा व्यवहार यांचा समावेश आहे. एक प्रसंग कल्पावा. अडचणीतली बाई गिन्नी मोडायला आणते. दुकानदाराला खूण ओळखता येते, तिला येत नाही. तो काटा बरोबर धरतो, त्या दिवसाचा भाव देतो आणि नाणे कितीतरी जास्त किमतीला पुढे विकतो. वजनात खोट नाही, धातूत खोट नाही. तरी तिच्या अज्ञानातून त्याने जे मिळवले ते न दिलेले घेणेच आहे. व्यापारी आपल्या जाणकारीचा मोबदला घेतो, हे उत्तर अपुरे पडते. जाणकारीचा मोबदला मागून घेता येतो, लपवून नाही. नाण्याचे मोल सांगणे हे म्हणूनच सत्याच्या कक्षेतले काम आहे.

ठरवलेल्या मर्यादेपलीकडचे धन कोठे जावे, याचे एक उदाहरण सोलापुरातच घडले. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० च्या दशकात जैन संस्कृती संरक्षक संघ उभा केला. आरंभी ३०,००० रुपये आणि पुढे आपली सारी मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधी म्हणून त्याला दिली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली आणि ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ तिचे पहिले पुष्प म्हणून १९४३ पासून छापून आला.