शोकाची फिर्याद

कोठे दरड कोसळो, बस दरीत जावो की विहिरीच्या कामावर मजूर गाडले जावोत, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मृतांची संख्या, पंचनाम्याचा उल्लेख आणि तहसीलदारांच्या भेटीची वेळ देऊन झाल्यावर बातमीच्या अखेरीस एक वाक्य हमखास आढळते: नातेवाइकांनी हंबरडा फोडला, अथवा स्त्रियांनी एकच आक्रोश केला. हे वाक्य मला फार दिवस सलत आले आहे. ज्याने खेड्यातील मृत्यू जवळून पाहिला आहे त्याला हे सांगावयास नको की, त्या घटकेला ती स्त्री केवळ आवाज करीत नसते. ती बोलत असते. ती मृताला नात्याने हाक मारते, पेरणी अर्ध्यावर टाकून कोठे निघालात असे विचारते, धाकट्या मुलीच्या लग्नाबद्दल त्याने दिलेल्या शब्दाची आठवण देते, आणि ज्या दिराने आजारपणात तोंड दाखवले नाही तो अंगणात उभा असेल तर त्यालाही ऐकू जाईल अशा बेताने चार गोष्टी सांगते. पंचनाम्यात मेलेल्या बैलाची किंमत नोंदली जाते. तिच्या बोलण्यातील मात्र एक अक्षरही कोणाच्या दप्तरी लागत नाही. उरतो तो गाईगुरांच्या हंबरण्यावरून घडलेला एक शब्द.

इंग्रजी भाषेत या विषयाचे दोन शब्द जवळजवळ नांदतात, आणि मराठीत आणताना दोहोंनाही आपण 'विलाप' म्हणून मोकळे होतो. 'वेलिंग' हा त्यांतील जुना. उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेला आणि दुःखाच्या भरात तोंडातून निघणाऱ्या उद्गाराशी नाते सांगणारा. 'कीनिंग' हा आयर्लंडमधून आलेला. मृतासाठी शोक करणे या अर्थाच्या आयरिश क्रियापदाचे ते इंग्रजी रूप असून तीक्ष्ण या अर्थाचा जो 'कीन' शब्द आपण शाळेत शिकतो त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आजचे इंग्रज लेखक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. वाऱ्याचा घोंगावही त्यांच्या लेखी 'कीनिंग' होतो. परंतु ज्या भूमीत तो शब्द जन्मला तेथे त्याचा अर्थ इतका सैल नव्हता. वाऱ्याला, कुत्र्याला, तान्ह्या मुलाला आणि भोंग्याला 'वेलिंग' करता येते. 'कीनिंग' करावयाचे तर समोर प्रेत पाहिजे, त्या प्रेताला नाव पाहिजे, आणि त्या नावाला उद्देशून बोलणारी स्त्री पाहिजे.

आयर्लंडच्या खेड्यांत ही स्त्री कधी घरची असे, कधी गावातली मान्यता पावलेली. मृताच्या उशाशी बसून ती प्रथम त्याला संबोधी, मग त्याचे कुळ, त्याचे रूप, त्याचे औदार्य, त्याच्या मरणाची हकिगत असे कडव्यांमागून कडवे रचीत जाई. आणि दर कडव्याच्या शेवटी जमलेल्या सर्व स्त्रिया शब्दहीन स्वरात तिला साथ देत. ही रचना आधी लिहिलेली नसे. परंपरेने दिलेली संबोधने, उपमा आणि लयी तिच्या जिभेवर असत, आणि त्यांतून त्या विशिष्ट माणसाचा शोक ती तेथल्या तेथे उभा करी. बाहेरून आलेल्या स्त्रीला पैसे, तंबाखू, मद्य असा काही मोबदला मिळत असे, आणि त्यामुळेच पुढे तिच्यावर ढोंगाचा आरोप करणे लोकांना सोपे गेले.

या परंपरेतील सर्वांत विख्यात शोकगीत १७७३ सालचे आहे. कॉर्क परगण्यातील आर्ट ओ'लिअरी हा तरुण कॅथलिक सरदार ऑस्ट्रियाच्या राणीच्या घोडदळात कप्तान होऊन मायदेशी परतला होता. १६९५ च्या कायद्याप्रमाणे कॅथलिकाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. कोणी प्रॉटेस्टंट मनुष्य पाच पौंड पुढे करून तो मागू लागला तर देणे भाग पडे. अॅब्रहॅम मॉरिस नावाच्या अंमलदाराने आर्टचा घोडा या भावाने मागितला, आर्टने तो नाकारला, वैर विकोपास गेले, आणि ४ मे रोजी कॅरिगानिमा येथे आर्ट गोळीने मारला गेला. त्याची रिकामी घोडी घरी आली तेव्हा त्याची पत्नी आयलीन ओ'कॉनेल, म्हणजे पुढे आयर्लंडचा मोठा पुढारी झालेल्या डॅनिएल ओ'कॉनेलची आत्या, तिच्यावर स्वार होऊन थेट प्रेतापाशी गेली. तिच्या शोकगीतात हे सारे आहे: घोडी आहे, वाहणारे रक्त ओंजळीने पिणे आहे, बाजारात त्याला पहिल्यांदा पाहिल्याचा दिवस आहे, मॉरिसचे नाव घेऊन दिलेले शाप आहेत. शोकसभेत नणंदेने तिच्या निजण्यावरून टोमणा मारला आणि तिने मुलांना झोपवीत होते असे उत्तर दिले, तो कलहही त्या गीतात जसाच्या तसा राहिला आहे. मॉरिसवर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. ज्या न्यायसभेत तिच्या धर्माच्या माणसाला न्यायाधीश होता येत नव्हते, तेथे तिची फिर्याद कोण ऐकणार? तिने ती प्रेतापुढे मांडली. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती तोंडपाठ ठेवली, पुढे कोणी ती कागदावर उतरवून घेतली, आणि मॉरिसचे नाव आज जगाला ठाऊक आहे ते केवळ या कैफियतीमुळे.

अशा वाङ्मयाला 'वेलिंग' म्हणणारा एक प्रतिपक्षी मला पुन्हा पुन्हा आठवतो, आणि तो सामान्य माणूस नाही. एडमंड स्पेन्सर हा एलिझाबेथकालीन इंग्लंडचा श्रेष्ठ कवी. १५८० मध्ये तो लॉर्ड ग्रे याचा चिटणीस म्हणून आयर्लंडला गेला, आणि पुढे ज्या कॉर्क परगण्यात आर्ट मारला गेला त्याच परगण्यात किलकोलमन येथे जप्त केलेल्या मुलखातील सुमारे तीन हजार एकरांची जहागीर त्याला मिळाली. आयर्लंडच्या स्थितीविषयी त्याने १५९६ च्या सुमारास एक गद्य संवाद लिहिला. त्यात आयरिश लोकांचा प्रेतापुढील शोक हा निराशेच्या किंकाळ्या आणि अमर्याद 'वेलिंग' यांचा रानटी प्रकार असल्याचे सांगून त्याचे मूळ तो सिथियन टोळ्यांपर्यंत नेऊन भिडवतो. त्याच संवादातील वक्ता लिमरिक येथील एका देहान्त शासनाची हकिगत सांगतो: मुरो ओ'ब्रायनचे शिर उतरवल्यावर त्याच्या वृद्ध उपमातेने ते उचलले, हे रक्त पिण्याची भूमीची योग्यता नाही असे म्हणत ती ते रक्त पिऊ लागली, आणि ते तोंडाला व छातीला माखून आक्रंदू लागली. स्पेन्सरने हे रानटीपणाचा पुरावा म्हणून नोंदले आहे. मला त्यात दोनशे वर्षांनी आयलीनच्या तोंडून येणाऱ्या परंपरेची साक्ष दिसते, आणि त्या उपमातेने काय म्हटले हे त्यानेच, नकळत का होईना, लिहून ठेवले म्हणून मी त्याचा ऋणी आहे. जिचे वाक्य इतके अर्थपूर्ण आहे ती केवळ किंकाळी फोडीत होती असे पुढल्या श्वासात कसे म्हणता येते?

स्पेन्सरला आयरिश भाषा येत नव्हती, हे समर्थन पुरेसे नाही. आयरिश भाटांची काव्ये आपण भाषांतर करवून घेतली आणि त्यांत रसाळ कल्पकता आढळली, असे तो याच ग्रंथात सांगतो. म्हणजे पुरुष भाटांचे पद्य समजून घेण्यासाठी त्याने दुभाषा बसवला. प्रेतापुढे बसलेल्या स्त्रीचे शब्द मात्र भाषांतरास योग्य आहेत असे त्याच्या मनातही आले नाही. पैसे घेऊन परक्यासाठी रडण्याचा आक्षेप तर त्याच्या पक्षाने काढूच नये. १५९१ मध्ये त्याने 'डॅफ्नाइडा' हे दीर्घ शोककाव्य आर्थर गॉर्जेस यांच्या मृत पत्नीसाठी लिहिले. त्या स्त्रीची कानी आलेली कीर्ती आणि तिच्या पतीविषयीचा स्नेह ही त्याची कारणे त्याने अर्पणपत्रिकेत स्वतःच दिली आहेत. दुसऱ्याच्या दुःखाला आपली वाणी देणे हे कवीच्या हातून घडले तर त्याला काव्यधर्म म्हणावयाचे आणि खेडवळ बाईने केले तर सोंग म्हणावयाचे, हा न्याय मला मान्य नाही. ज्या आईच्या तोंडातून दुःखाने शब्द फुटत नाही तिच्या वतीने बोलणारी बाई वकिलापेक्षा कमी प्रामाणिक कशी ठरते?

येथे थोडे विषयांतर करावयाची इच्छा आवरत नाही, कारण शोकाला मर्यादा घालू पाहणारे लोक एकटे इंग्रजच नव्हते. सोलनने अथेन्समध्ये स्त्रियांनी अंग ओरबाडू नये, रचलेली शोकगीते म्हणू नयेत आणि परक्यांच्या प्रेतयात्रेत रडू नये, असे निर्बंध घातल्याचे प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकात आयर्लंडमधील कॅथलिक धर्मसभांनीही शोक करणाऱ्या बायांविरुद्ध मनाई हुकूम काढले. इंग्रज सत्ता आणि तिने छळलेली धर्मसत्ता यांचे या एका बाबतीत मतैक्य व्हावे हे विचार करण्यासारखे आहे. आपल्याकडे याज्ञवल्क्य स्मृती म्हणते की, आप्तांनी गाळलेली आसवे आणि शेंबूड मृताला विवश होऊन खावा लागतो, म्हणून रडू नये. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमतीसाठी शोक करणाऱ्या अजाला वसिष्ठांचा शिष्य हाच उपदेश अधिक सुसंस्कृत शब्दांत करतो: स्वजनांचे अखंड अश्रू मृताला जाळतात. पण कालिदासाची कृती पाहा. उपदेश थोड्या श्लोकांत संपवून त्याने अजाच्या शोकाला भरघोस जागा दिली. आणि त्या उपदेशाने अजाचे समाधान झाले असेही तो सांगत नाही, तर उपदेश त्याच्या शोकाकुल हृदयात जागा न मिळाल्याने जणू गुरूकडे परत गेला असे सुचवतो. स्मृतिकाराला रडणे हा सुतकातील एक नियमनाचा विषय वाटला. कवीला कळले होते की अज रडत असताना विचार करीत आहे, आठवत आहे, दैवाला जाब विचारीत आहे. कुमारसंभवातील रतीचेही तेच.

येथवर माझ्या मनातील भेद सरळ होता: 'कीनिंग' म्हणजे शब्दबद्ध, विवेकयुक्त, फिर्याद मांडणारा शोक, आणि 'वेलिंग' म्हणजे त्याखालचा, शब्दापर्यंत न पोचलेला ध्वनी, पहिल्याला दुसऱ्याच्या नावाने संबोधणे हा अन्याय. परंतु सिंग या आयरिश नाटककाराने अॅरन बेटांवरील आपल्या वास्तव्याचे जे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले त्यातील एका वृद्धेच्या दफनाचे वर्णन ताडून पाहता हा भेद जसाच्या तसा टिकत नाही. तेथे कबर उघडली जात असताना म्हाताऱ्या स्त्रिया थडग्यांच्या शिळांमध्ये बसतात. एकेक जण पाळीपाळीने मृताला हाक मारीत पुढचे पद म्हणते, कपाळ समोरच्या दगडापर्यंत वाकवते. आणि सभोवतालच्या साऱ्या स्त्रिया त्याच लयीत झुलत एक अस्फुट, शब्दहीन आलाप अखंड धरून ठेवतात. मेलेली बाई ऐंशीच्या पुढची होती, म्हणून सिंगला त्या रुदनात एका व्यक्तीचा वियोग कमी आणि वाऱ्यासमुद्राशी झगडणाऱ्या साऱ्या बेटवासीयांचा संताप अधिक ऐकू आला.

मग तो आलाप काय आहे? तो 'वेलिंग'च आहे, दुसरे काही नाही. स्पेन्सरच्या कानांवर जे आले ते तेथे खरोखर होते. त्याने साथ ऐकली आणि पद ऐकले नाही. आणि ती साथ काढून टाकली तर काय राहील? इलियडच्या चोविसाव्या सर्गात हेक्टरचे प्रेत घरी येते तेव्हा आन्ड्रोमाखी, हेक्युबा आणि हेलन या तिघी क्रमाने बोलतात, आणि प्रत्येकीचे बोलणे संपताच होमर न चुकता सांगतो की भोवतालच्या बायांनी, शेवटी तर साऱ्या लोकांनी, तिच्यामागून आक्रंदन केले. त्या आक्रंदनाखेरीज त्या तिघींची भाषणे उत्तम भाषणे होतील, पण सभेने ती मान्य केली की नाही हे कळणार नाही. फिर्याद मांडणारी एक असते. ती मंजूर आहे असे सांगणारा आवाज शेकडोंचा असतो, आणि ज्यांच्यापाशी कवित्व नाही, कुळाची माहिती नाही, बोलण्याचा हक्कही नाही, त्या सर्वांना शोकात शिरण्याची वाट त्या शब्दहीन स्वरातूनच मिळते. तेव्हा 'वेलिंग' हा शोकाचा कनिष्ठ प्रकार आहे, हे मत मी सोडून देतो. तो शोकाचा सामुदायिक अर्धा भाग आहे. एकट्याने केला तर निराधार, शब्दामागून आला तर त्या शब्दाचा कौल.

याचा एक परिणाम मला स्वीकारावा लागतो. आर्ट ओ'लिअरीचे शोकगीत आज पुस्तकात छापलेले मिळते, विद्यापीठांत शिकवले जाते, आणि अठराव्या शतकातील आयर्लंडच्या श्रेष्ठ काव्यांत त्याची गणना होते. हे सर्व योग्यच आहे, तरी त्याला आता 'कीनिंग' म्हणता येत नाही. दुष्काळाने, देशान्तराने, पाद्र्यांच्या निषेधाने आणि भाषेच्या ऱ्हासाने ती प्रथा एकोणिसाव्या शतकातच क्षीण होत गेली. १९५१ मध्ये ॲलन लोमॅक्स आयर्लंडमध्ये लोकगीते ध्वनिमुद्रित करीत हिंडला तेव्हा डोनेगलच्या एका स्त्रीने मृत बालकासाठीचे असे रुदन त्याच्या यंत्रापुढे म्हणून दाखवले. प्रेत समोर नसता असे रुदन करणे जुन्या लोकांना अशुभ वाटे, म्हणून ते ध्वनिमुद्रण दुर्मीळ समजले जाते. त्यात पद आहे, स्वरही आहे; त्या दिवशी तेथे कोणी मेलेले नव्हते, आणि तिच्या पदामागून आक्रोश उठवण्याचे कोणाला कारण नव्हते.