एकसारख्या गाड्या

२०२५च्या डिसेंबरात अबू धाबीची शर्यत संपली. लँडो नॉरिस जगज्जेता झाला. मोसमाचा बराच काळ गुणतक्त्यात सगळ्यांच्या पुढे असलेला त्याच्याच टीमचा ऑस्कर पियास्ट्री तिसरा राहिला. मी पियास्ट्रीच्या बाजूने होतो. आपला माणूस हरला की आपण जे करतो तेच मी केलं. जेवणाचं ताट बाजूला सारून फोनवर त्याचा जुना इतिहास चाळत बसलो. कुठून आला, कुठे जिंकला, कुणाकडून हरला. असं मागे मागे जाताना एका तक्त्यावर अंगठा थांबला.

ब्रिटिश फॉर्म्युला ४, मोसम २०१७. पहिला जेमी कॅरोलाइन. दुसरा ऑस्कर पियास्ट्री. तिसरा लोगन सार्जंट. आणि बराच खाली, मोजक्याच शर्यती धावलेला, बिली मॉन्गर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पियास्ट्रीमुळे नाही. त्या तक्त्यातल्या पहिल्या नावामुळे, आणि त्या नावावरून आठवलेल्या माझ्या एका मित्रामुळे.

आधी ही मालिका काय आहे ते सांगतो. फॉर्म्युला वनपर्यंत जाणाऱ्या शिडीची पहिली पायरी म्हणजे फॉर्म्युला ४. कार्टिंगमधून आलेली पोरं इथे पहिल्यांदा खऱ्या सिंगल-सीटर गाडीत बसतात. वयाची पंधरा वर्षं पूर्ण झाली की चालतं. म्हणजे आपल्याकडे दहावीचा क्लास सुरू असतो त्या वयात ही मुलं ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास गाडी पळवतात. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीम आपली गाडी स्वतः बनवते, त्यामुळे तिथे ड्रायव्हर चांगला की गाडी चांगली हा वाद कधी मिटत नाही. फॉर्म्युला ४ मध्ये तो वाद मुळातच काढून टाकलाय. २०१७च्या ब्रिटिश मालिकेत सगळ्यांची गाडी फ्रान्सच्या मिगाल कंपनीची होती. सगळ्यांचं इंजिन फोर्डचं, १.६ लिटरचं, टर्बोवालं. टायरसुद्धा एकाच कंपनीचे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट का बिघडते हे शोधायचं असेल तर आम्ही बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतो आणि एकच गोष्ट बदलतो. इथे गाडी तीच, इंजिन तेच, ट्रॅक तोच, बदलतो फक्त माणूस. मग जो पुढे येतो तो खरोखरच सरस. याहून न्याय्य परीक्षा कुठली?

एप्रिलमध्ये ब्रँड्स हॅचला हा मोसम सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी तिथेच संपला. दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन शर्यती. कॅरोलाइनने त्यातल्या दहा जिंकल्या. पियास्ट्रीने सहा.

आता पुढचं बघा. पियास्ट्रीने २०१९ ला फॉर्म्युला रेनॉची युरोकप, २०२० ला फॉर्म्युला ३ आणि २०२१ ला फॉर्म्युला २ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली आणि २०२३ ला तो मॅक्लारेनच्या गाडीत बसला. सार्जंटही २०२३ लाच विल्यम्सकडून फॉर्म्युला वनमध्ये आला. आणि ज्याने या दोघांना मागे टाकलं तो कॅरोलाइन? तो फॉर्म्युला वनपर्यंत पोचलाच नाही. जीटी गाड्यांकडे वळला, २०२० मध्ये जोडीदारासोबत ब्रिटिश जीटीमध्ये जीटी४ गटाचं विजेतेपद मिळवलं. उत्तम ड्रायव्हर. पण रस्त्यावर थांबवून विचारलं तर त्याचं नाव शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही.

कुणी म्हणेल, यात अन्याय कसला? पियास्ट्री तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा, युरोपातला त्याचा तो पहिलाच पूर्ण मोसम. कॅरोलाइन या मालिकेत आधीही धावलेला. पारखणाऱ्यांनी आजचे गुण पाहिले नाहीत, उद्याची शक्यता पाहिली. पुढच्या तीन विजेतेपदांनी ती पारख खरीही ठरली. मला हे पटतं. पण हे मान्य केलं की ‘न्याय्य परीक्षा’ ही कल्पनाच हलते. परीक्षेत पहिला येणं म्हणजे लायक असणं, हे आपलं गृहीतक. इथे परीक्षा घेतली एकाची आणि निवड केली दुसऱ्याच निकषावर. एकाला केलेल्या कामाची ढाल मिळाली, दुसऱ्याला न केलेल्या कामाची संधी.

शिवाय गाडी एकसारखी असली तरी गाडीपर्यंत येणारा रस्ता एकसारखा नसतो. एका मोसमाला काही लाख पौंड लागतात. पियास्ट्रीचे वडील गाड्यांच्या इंजिनांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मेलबर्नचं घर सोडून मुलगा चौदाव्या वर्षी इंग्लंडला शिकायला आणि गाडी चालवायला येऊ शकला, ते यामुळे. यात पियास्ट्रीची काही चूक नाही. कुणाच्या पोटी जन्मायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. पण म्हणूनच त्याचं श्रेयही त्याला घेता येत नाही.

सार्जंटचं तर आणखी विचित्र. २०२० मध्ये फॉर्म्युला ३चं विजेतेपद शेवटच्या शर्यतीवर आलं. तो आणि पियास्ट्री गुणांत बरोबरीत होते. पहिल्याच लॅपला सार्जंटची दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि विजेतेपद गेलं, अवघ्या चार गुणांनी. नंतर फॉर्म्युला वनच्या ३६ शर्यतींत त्याला एकच गुण मिळाला, तोही ऑस्टिनला पुढचे दोघे तपासणीत बाद झाले म्हणून. २०२४च्या मोसमात त्याला मध्येच काढून टाकलं. त्याचा एकुलता एक गुण त्याचा स्वतःचा म्हणायचा की बाद झालेल्या त्या दोघांचा?

आणि बिली मॉन्गर.

१६ एप्रिल २०१७, डॉनिंग्टन पार्क. मोसमाची दुसरीच फेरी. बिली सतरा वर्षांचा होता. समोर एक गाडी जवळजवळ थांबलेली होती. बिलीच्या पुढच्या गाड्या ऐनवेळी बाजूला झाल्या. त्यांच्या मागे असलेल्या बिलीला ती गाडी दिसली तेव्हा उशीर झाला होता. तो वेगाने तिच्यावर आदळला. त्याला गाडीतून बाहेर काढायला दीड तासाच्या आसपास लागला. दोन्ही पाय कापावे लागले.

तो चुकला कुठे? कुठेच नाही. तो दोन जागा पुढे असता तर वाचला असता. कदाचित दोन जागा मागे असता तरीही. एकसारख्या गाड्यांच्या या प्रयोगात ज्याचा हिशेब कुणी धरलाच नव्हता, अशी ही गोष्ट.

त्याची पुढची कहाणी तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. टीमने उपचारांसाठी २ लाख ६० हजार पौंडांचं आवाहन केलं. एका दिवसात ती रक्कम ओलांडली गेली आणि शेवटी ८ लाखांच्या वर पोचली. तीन महिन्यांच्या आत बिली पुन्हा गाडीत बसला. दिव्यांग ड्रायव्हरना सिंगल-सीटरमध्ये धावायला आड येणारा नियम बदलायला लावला. २०१८ ला ब्रिटिश फॉर्म्युला ३च्या पहिल्याच शर्यतीत तिसरा आला. २०१९ मध्ये फ्रान्समधली पो ग्रां प्री जिंकली. २०२४ ला हवाईतली आयर्नमन पूर्ण केली, दोन्ही पाय नसलेल्यांमधल्या विक्रमी वेळेत.

या रीलच्या शेवटी हमखास एक वाक्य येतं: जे होतं ते चांगल्यासाठीच. हे वाक्य मला सहन होत नाही. बिलीने जे केलं ते थोर आहे, पण त्यामुळे त्याचे पाय जाणं योग्य ठरत नाही. आपल्याला हिशेब जुळलेला हवा असतो. दुःख झालं तर त्याचं फळ दिसायला हवं. नाही दिसलं तर मागच्या जन्माचं काहीतरी असेल. जगात कारणाशिवाय पाय जातात, हे मान्य करण्यापेक्षा हे सोपं. आणि पो ग्रां प्रीचा तो विजय? पाऊस पाहून पावसाळी टायर घालायचा निर्णय बिलीचा होता, पण आघाडीवरचे दोघे एकमेकांवर आदळले नसते तर तो पहिला आला नसता. दुर्दैवाने ज्याला एवढं छळलं त्याच्या विजयातही दैव होतंच.

आता मित्राचं सांगतो. हा मोसम चालू होता तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलची खोली एक, लॅपटॉपही पुष्कळदा एकच. तो बॅचमध्ये पहिला. मला डेटा स्ट्रक्चर्स त्यानेच शिकवलं, परीक्षेच्या आदल्या रात्री, पाठकोऱ्या कागदांवर झाडं काढून. कॅम्पसला एक चांगली कंपनी येणार होती आणि ती त्याला घेणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. आदल्या रात्री त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. तो मिळेल त्या एसटीने गावी गेला. सकाळी मी इंटरव्ह्यूला बसलो. विचारलेला मोठा प्रश्न त्या झाडांवरचाच होता. कंपनीने त्या वर्षी आमच्यातून एकालाच घेतलं.

वडील वाचले. मित्राला चार महिन्यांनी दुसरीकडे नोकरी लागली, निम्म्याहून कमी पगाराची. आज आमच्यातलं अंतर आणखी वाढलंय, कारण पहिल्या पगारावरच दुसरा ठरतो आणि दुसऱ्यावर तिसरा. घरी पाहुणे आले की आई अभिमानाने म्हणते, पोराने मेहनतीचं चीज केलं. मी आठ वर्षं मान डोलावत आलोय.

त्या रात्री हा तक्ता पाहिल्यावर मी त्याला फोन केला. कॅरोलाइनची गोष्ट सांगितली. म्हटलं, खरं तर ती नोकरी तुझी होती, माझं सगळं नशीब. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तुझं सगळं नशीब म्हणालास तर माझंही सगळं नशीबच झालं की. मग मी इतकी वर्षं केलं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही दिवस तेच डोक्यात होतं.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. नियम पाळून जे मिळवलं त्यावर आपला हक्क असतो. पण हक्क असणं म्हणजे माणूस म्हणून आपली तेवढी लायकी असणं नव्हे. तो खेळाचंच उदाहरण देतो. सामना संपल्यावर आपण म्हणतो, हरलेला संघ जिंकायला हवा होता. म्हणून जिंकलेल्यांची ढाल आपण काढून घेत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे थोडंफार सापडलं. कॅरोलाइनने जिंकलेल्या दहा शर्यती त्याच्याच आहेत. पुढे फॉर्म्युला वन मिळालं नाही म्हणून त्या अकरा होत नाहीत की नऊ होत नाहीत. त्या दहा वेळा त्याने योग्य क्षणी ब्रेक दाबला, ते काम होतं, नशीब नव्हतं. मित्राने काढलेली ती झाडं त्याचं काम होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणं माझं. नशीब काम करत नाही. त्या कामाचे पैसे किती आणि कुणाला, एवढंच ते ठरवतं. आपली गफलत ही की मिळालेल्या पैशांवरून आपण काम मोजतो, आणि मग माणूसही.

म्हणून माझी नोकरी सोडून द्यायला हवी असं मला वाटत नाही. अपराधी वाटून घेण्यानेही मित्राला काही मिळत नाही, उलट त्याने जे केलं ते पुसलं जातं. पण एक देणं उरतं. आता कंपनीत मीच पोरांचे इंटरव्ह्यू घेतो. कुणाच्या रेझ्युमेत सहा महिन्यांची फट दिसली की आधी मी तो खाली सरकवायचो. आता विचारतो, तेव्हा काय झालं होतं? दोनदा उत्तर हॉस्पिटल हेच निघालं. एकदा उत्तर काहीच नव्हतं, पोरगा नुसता आळशी होता. त्याला नाही घेतलं. विचारल्याशिवाय मात्र हा फरक कळला नसता.

आणि पाहुण्यांसमोर मान डोलावणं बंद केलंय. परवा आईने तेच वाक्य म्हटलं तेव्हा मी म्हणालो, मेहनत केली हे खरं, पण माझ्याहून जास्त मेहनत केलेल्याच्या वडिलांना त्या रात्री अॅटॅक आला होता. पाहुणे अवघडले. आईने विषय बदलून चहा टाकला. रात्री भांडी आवरताना तिने विचारलं, “आता कसे आहेत रे त्याचे वडील?”

आठ वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला.