रंग मावळतीचे

रत्नागिरीला आजोळी गेलो की तिन्हीसांजेला आजी आम्हा मुलांना खेळातून ओढून घरात आणायची. भाट्याच्या समुद्रात सूर्य बुडत असायचा. ती आधी त्याला हात जोडायची, मग देवापाशी दिवा लावायची. सूर्यास्त मुद्दाम ‘बघायला’ जायचा असतो, हे मला कॅलिफोर्नियात आल्यावर कळलं. इथे लोक घडीच्या खुर्च्या घेऊन पॅसिफिकच्या काठी बसतात आणि सूर्य बुडाला की कधी कधी चक्क टाळ्या वाजवतात!

मी पडलो इंजिनीअर. मुलीने लहानपणी विचारलं, “बाबा, संध्याकाळी आकाश लाल का होतं?” झालं, माझं व्याख्यान सुरू! हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पाच-सहा पट जास्त विखुरतात, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली मांडलेल्या नियमावरून कळतं. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना, तो डोक्यावर असतानाच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा गळतो, तांबडा-केशरी आपल्यापर्यंत पोचतो. आणि गंमत म्हणजे, बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा प्रकाश वाकवते, म्हणून तो आपल्याला दिसतो.

“बाबा, आता नुसतं बघू या ना!” मुलगी म्हणाली.

विज्ञानाने सौंदर्य उणावतं का, हा जुनाच प्रश्न. माझ्यापुरतं त्याचं उत्तर सोपं आहे: नाही. गेलेला सूर्य आपण अजून बघतोय हे कळल्यावर मला तो अधिकच जवळचा वाटतो. पण खरा अवघड प्रश्न मला २०१८ च्या नोव्हेंबरात पडला.

त्या महिन्यात आमच्याकडे कितीतरी दिवस धूर भरून राहिला होता. एका संध्याकाळी सूर्य कुंकवाच्या टिळ्यासारखा लालभडक दिसला. डोळे न दिपता त्याच्याकडे बघता येत होतं. मी फोटो काढून पुण्याच्या नातेवाइकांना पाठवला. “वा! काय सुंदर!” अशी उत्तरं आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्यालाही तो कौतुकाने दाखवला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “माझ्या आईचं घर पॅराडाइजमध्ये होतं.”

८ नोव्हेंबरला लागलेल्या वणव्यात ते गाव जवळपास सगळं जळालं. ८५ माणसं गेली. त्याची आई वाचली, पण घर, फोटोंचे अल्बम, वडिलांची खुर्ची, काही उरलं नाही. मी ज्या रंगाचं कौतुक करत होतो, त्यात ते घर होतं.

असं पूर्वीही घडलंय. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. ३६ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यातली बहुतेक समुद्राच्या लाटांनी. त्याचे सूक्ष्म कण वातावरणात उंच पसरले आणि पुढे कित्येक महिने जगभर विलक्षण सूर्यास्त दिसले. लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकाराने थेम्सकाठी बसून त्यांची पाचशेहून अधिक रंगचित्रं केली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीत तर आग लागली समजून लोकांनी बंब बोलावले!

अर्थात प्रत्येक तांबड्या संध्याकाळीमागे संकट नसतं. उलट शहरातलं धुरकं रंग मळकट करतं. स्वच्छ हवेतच ते खुलतात. पण जेव्हा असतं, तेव्हा काय करावं? डोळे मिटून घ्यावेत? मला तसं वाटत नाही. सूर्याचा त्यात दोष नाही, आपल्या डोळ्यांचाही नाही. ॲस्क्रॉफ्टने चित्रं काढली नसती, तर मेलेल्यांतला एकही परत आला नसता. मात्र एकदा कारण कळलं की नुसतं “वा!” म्हणून थांबायची सोय उरत नाही. हा रंग कुठून आला, तिथे कोण आहे, आपल्याला काही करता येईल का, हे विचारावंच लागतं. विज्ञान सौंदर्य हिरावून घेत नाही. आपल्या अंगावर थोडी जबाबदारी टाकतं, इतकंच.

तो फोटो मी पुसला नाही. पुण्याच्या मंडळींना पुन्हा पाठवला, या वेळी तो धूर कशाचा होता ते लिहून. सहकाऱ्याच्या आईसाठी आम्ही घरातली भांडी, पांघरुणं नेऊन दिली. फार काही नव्हे.

आता समुद्रावर लोक टाळ्या वाजवू लागले की मला आजी आठवते. टाळी वाजवली की खेळ संपतो. ती मात्र हात जोडून घरात वळायची आणि दिवा लावायची.