खास बाब म्हणून

नियमाआड काही आले की बदलायचे काय, वर्तन की नियम? शासकीय सेवेत हा प्रश्न आम्हांस वारंवार पडला. निवृत्तीनंतर तोच पुन्हा भेटला, तो संगणकाच्या कार्यप्रणालीत.

लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेत फाइलीचा मालकच ती कोणी वाचावी हे ठरवी, आणि ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्यास बहुतेक सर्व दारे मोकळी असत. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली एसईलिनक्स खुले केले. २००३ मध्ये ते लिनक्सच्या मूळ गाभ्यात आले. येथे प्रत्येक आज्ञावलीस व फाइलीस ओळखचिठ्ठी असते. कोणी कशास हात लावावा हे धोरणात लिहिलेले नसेल, तर उत्तर नकाराचेच. सर्वाधिकारीही त्यातून सुटत नाही.

धोरणात भर घालावयाची ती मॉड्यूलांनी. नियम साध्या मजकुरात लिहावेत, त्यांचे संकलन करावे, गाठोडे बांधावे आणि चालू धोरणात बसवावे. नाकारलेल्या विनंत्या नोंदवहीत उतरतात. ‘ऑडिट-टू-अलाऊ’ नावाचे साधन ती नोंद वाचून हवी ती परवानगी देणारा नियम आयता लिहून देते. काम अडलेला मनुष्य पुष्कळदा तो न वाचताच संकलित करतो.

येथे आम्ही थबकलो. नकाराच्या नोंदीचे अर्थ अनेक. कधी नियम अपुरा असतो. कधी कोणी नको तेथे हात घालीत असतो. कधी फाइलीवरील चिठ्ठीच चुकलेली असते, आणि ती सुधारली की नव्या परवानगीची गरजच उरत नाही. साधन हा भेद करीत नाही. तो विवेक माणसाचा.

आम्हीही एकदा एका अर्जावर ‘खास बाब म्हणून’ असा शेरा लिहून सही केली. अर्जदाराची अडचण खरी होती. पुढे त्याच शेऱ्याचा दाखला देत इतर अर्ज आले, आणि त्यांतले सारेच अडलेले नव्हते. अडचण एकाची दूर झाली; वाट मात्र सर्वांसाठी रुंद झाली.

मग नकार हाच धर्म काय? तसे नव्हे. पदोपदी अडवणूक झाली की लोक पहाराच नावापुरता ठेवतात: नोंद होते, अटकाव होत नाही. अति कठोर नियम अखेर स्वतःलाच संपवतो. परवानगी द्यावी, पण नोंद वाचून, कारण शोधून, गरजेपुरतीच.

आणि एक. या धोरणात ‘नेव्हरअलाऊ’ अशीही ओळ असते. अँड्रॉइड फोनचे धोरण बांधताना तिच्याविरुद्ध जाणारी परवानगी आढळली, तर संकलनच थांबते. काय कधीच द्यावयाचे नाही, हे दारात याचक उभा नसताना ठरवलेले बरे. तो समोर आला की आपले मन स्वतःच आयते नियम लिहू लागते, आणि आपण त्याला दया म्हणतो. त्या सहीच्या दिवशी आम्हीही तेच म्हटले होते.