विधानाला तारीख हवी

वर्तकनगर ठाणे शहरात आहे. ठाणे शहर ठाणे जिल्ह्यात आहे. तेव्हा वर्तकनगरही ठाणे जिल्ह्यात, हे शाळकरी मुलालाही कळते. संगणकाला मात्र आधी सांगावे लागते की ठाणे शहर, ठाणे तालुका, ठाणे जिल्हा आणि ठाणे स्थानक या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'आत असणे' हा संबंध एकातून दुसऱ्यात पुढे जातो, हा नियमही त्याला द्यावा लागतो.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये प्रमाण मानलेली आरडीएफ ही पद्धत अशी माहिती मांडण्यासाठी आहे. तिच्यात प्रत्येक माहिती उद्देश्य, विधेय आणि कर्म अशा तीन पदांत मांडतात. प्रत्येक वस्तूला एक कायमची ओळख मिळते आणि नावे त्या ओळखीला जोडली जातात. त्यामुळे एकाच शहराला मराठी, इंग्रजी, हिंदी अशी कितीही नावे गोंधळ न होता देता येतात.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली आरडीएफलिब ही लायब्ररी हे काम फार सोपे करते. 'अ‍ॅड' या आज्ञेला तीन पदे दिली की ते विधान आलेखात, म्हणजे विधानांच्या संग्रहात, जाते. तेच विधान पुन्हा दिले तरी ते एकदाच राहते. शोधताना जे पद ठाऊक नाही तिथे 'नन' लिहायचे. पहिल्या जागी वर्तकनगर आणि पुढच्या दोन्ही जागी 'नन' दिले, की वर्तकनगर ज्यांचे उद्देश्य आहे अशी सगळी विधाने हाती येतात.

खरी अडचण काळाची आहे.

वसई १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. त्या दिवशी पालघर जिल्हा झाला आणि ती तिकडे गेली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कहाणी आणखी गुंतागुंतीची. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. 'हे गाव महापालिकेत आहे' हे तीन पदांचे विधान म्हणूनच कधी खरे, कधी खोटे ठरते.

आरडीएफलिबमधली 'सेट' ही आज्ञा जुने मूल्य काढून त्या जागी नवे ठेवते. वसईचा जिल्हा अशा रीतीने बदलला, तर ती ठाण्यात होती याचा आलेखात मागमूसही उरत नाही. मग २०१० च्या खरेदीखतावरचा 'जिल्हा ठाणे' हा अगदी बरोबर असलेला उल्लेख त्या आलेखाशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामला चुकीचा वाटेल.

यावर उपाय आहे. गावाच्या समावेशालाच स्वतंत्र ओळख द्यायची आणि आरंभ, शेवट व आधार ही विधाने त्या ओळखीला जोडायची. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटात विधानांना अशाच तारखा आणि संदर्भ जोडता येतात. यात विधानांची संख्या वाढते, शोधाची आज्ञाही लांबते. पण ज्या प्रदेशाच्या सीमा एका पिढीत तीनदा हलल्या, तिथे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

ठाणे-कल्याण परिसराची माहिती संगणकात भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी, ग्रंथालयांनी आणि महापालिकांनी जुनी नोंद पुसू नये. तिला शेवटची तारीख जोडावी आणि नवी नोंद तिच्या शेजारी ठेवावी.